काळ्या होडीचं पाणी

मोत्याला पाणी असतं, तलवारीला पाणी असतं, तसं होडीच्या रंगालाही पाणी असतं. हे मला वयाच्या चौदाव्या वर्षी वरळी कोळीवाड्यात कळलं. आणि कळलं तेही ते पाणी पार घालवून बसल्यावर!

१९८२ चा मे महिना होता. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि 'आठ दिवसांत मिटेल' म्हणणारी मंडळी आता काहीच म्हणेनाशी झाली होती. वडील लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. चौथा महिना, पगार नाही. चाळीतली अर्धी बिऱ्हाडं गावी निघून गेली होती. वडिलांच्या खात्यात वरळी कोळीवाड्यातले एक गृहस्थ होते, त्यांच्या थोरल्या भावाची होडी होती. त्यांना आम्ही नाखवाकाका म्हणायचो. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढली, की ती खरवडायची, तेल पाजायचं, फटी बुजवायच्या, अशी बरीच कामं निघतात. नाखवाकाकांनी वडिलांना बोलावून घेतलं. मदतीची गरज त्यांना होती की आम्हाला, हे तेव्हा मला समजलं नाही. आता समजतं.

होडी सागाची होती आणि काळी होती. तिचा काळा म्हणजे पत्र्याच्या डब्यातला काळा नव्हे. कोरडी असतानाही ती ओली वाटायची. जवळ गेलं तर आपला चेहरा दिसत नसे, पण आपण जवळ आलो एवढं तिच्या अंगावर दिसे. हा रंग विकत आणलेला नव्हता. वर्षानुवर्षं काजूच्या टरफलांचं तेल आणि मुशीच्या काळजाचं तेल चोळून चोळून तो लाकडात मुरला होता. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला डांबर. काजूचं तेल बिब्ब्यासारखं उततं, म्हणून हाताला आधी खोबरेल लावायचं. मुशीच्या तेलाच्या वासाबद्दल मी काही लिहीत नाही. रविवारची सकाळ आहे, वाचकांचा नाश्ता व्हायचा असेल.

नाखवाकाका चार दिवस एका लग्नासाठी अर्नाळ्याला गेले. जाताना तेलाचे पैसे वडिलांच्या हातावर ठेवून गेले. आणि वडिलांच्या मनात आलं, की कुठल्या जमान्यातलं हे तेल! बावीस वर्षं आपले हात रंगात आहेत, रंगाचं आपल्याला कोण शिकवणार? त्या पैशांतून त्यांनी काळा ऑइलपेंट आणला. आम्ही दोघांनी ऐन दुपारी बारा ते तीन उन्हात उभं राहून तो फासला. एक हात संध्याकाळी, दुसरा लगेच दुसऱ्या दुपारी. नाखवाकाका परत आले तेव्हा होडी आरशासारखी चमकत होती. ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले, बोटानं एका जागी दाबून पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "देखणी झालीय."

नारळी पौर्णिमेला सगळ्या कोळीवाड्यानं होडीचं कौतुक केलं. दिवाळीपर्यंत तिच्या अंगावर पुऱ्यांसारखे फोड आले. फोड फुटले, पापुद्रे सुटले, उन्हात सोललेल्या पाठीसारखी तिची कूस दिसू लागली. एका फळीचा सांधा उघडला आणि होडीनं पाणी घेतलं. माणसं सुखरूप परतली, पण ऐन मोसमातले दिवस हातचे गेले. ज्या घरानं आमच्या घरात चूल पेटावी म्हणून काम दिलं, त्याच घराच्या चुलीवर आम्ही पाणी ओतलं होतं. वडील पैसे भरून द्यायची भाषा करत गेले, खिशात काही नसताना. नाखवाकाकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पैशाचं बघू. पुढच्या मे महिन्यात या. लावला तुम्ही, खरवडायलाही तुम्हीच."

आम्ही गेलो. महिनाभर खरवडत होतो. त्या महिन्यात जे शिकलो ते पुढे पुस्तकांशी ताडून पाहिलं, तेव्हा नाखवाकाकांचं एकही वाक्य खोटं निघालं नाही.

त्यांचं पहिलं म्हणणं, काळा रंग ऊन खातो. पांढरी होडी बरंचसं ऊन परतवून लावते. काळी जवळजवळ सगळं पोटात घेते. मे महिन्यात भर दुपारी काळ्या कुशीवर तळहात टेकवून पाहा, टिकत नाही. साठ अंशांच्या पुढे जाणं तिला अवघड नाही. एवढ्या तापलेल्या फळीतला ओलावा बाहेर पडू पाहतो, फळी आकसते, सांधे सुटतात. रात्री दव पडतं, समुद्राची हवा लागते, फळी पुन्हा फुगते. म्हणजे लाकूड रोज श्वास घेतं, आणि काळ्या रंगाखाली जरा जास्तच मोठा घेतं. मुरलेलं तेल लाकडाबरोबर हलतं. वर बसवलेला रंगाचा कडक पापुद्रा हलत नाही. खालून वाफ ढकलते, वरून ऊन भाजतं, आणि पुरी फुगते. त्यातून आमचा पेंट तेलानं माखलेल्या लाकडावर बसवलेला, म्हणजे त्याला धरायला काही नव्हतंच. कापड रंग पितं. तेल प्यायलेलं लाकूड काय पिणार? रंगखात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सुचलं नाही, याची वडिलांना पैशांपेक्षा जास्त बोच होती.

इथे एक गंमत सांगायला हवी. काळ्या रंगाला सगळे बोल लावतात, पण स्वतः काळं रंगद्रव्य मोठं चिवट असतं. काजळी सूर्याचे जंबुपार किरण शोषून घेते आणि तिच्याबरोबर कालवलेल्या पदार्थाला वाचवते. मोटारीचे टायर काळे असण्याचं हे एक कारण आहे. तांबडा, निळा उन्हानं उडतो, काळा सहसा उडत नाही. मग काळी होडी पांढरट का दिसू लागते? रंगाला बांधून ठेवणारं तेल किंवा राळ वरच्या थरात जळून जाते, आणि मोकळी झालेली पूड अंगावर बसते. काळ्या कपड्यावरून बोट फिरवल्यावर खडू निघावा तसा हा प्रकार. पांढऱ्या होडीवरही तो होतोच, फक्त दिसत नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांना विचारा. शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण तोवर प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात सकाळी एक फडकं असायचंच. काळ्यावर धूळ दिसते, ओरखडा दिसतो, बोटाचा ठसा दिसतो. कोकणातल्या म्हाताऱ्या काळ्या पाषाणाच्या देवाला रोज तेल का लावतात, हे मला होडी खरवडताना समजलं.

दुसरं मिठाचं. खारं पाणी वाळलं की मिठाचे बारीक खडे उरतात. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे काचकागद मारणं. काळ्या अंगावर त्याचे वर्तुळाकार ओरखडे पडतात आणि तिरप्या उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. म्हणून आधी गोडं पाणी ओतायचं, मीठ विरघळू द्यायचं, मग ओल्या मऊ कापडानं टिपायचं. सांगायला सोपं. पण कोळीवाड्यात काय आणि लालबागच्या चाळीत काय, गोडं पाणी नळाला तासभर यायचं. त्यातल्या दोन बादल्या होडीला द्यायच्या म्हणजे घरात बोलणी खायची. नाखवाकाकू बोलायच्या आणि द्यायच्याही.

तिसरं वेळेचं. दव उतरल्याशिवाय हात लावायचा नाही, ऊन चढलं की थांबायचं, आणि होडीच्या ज्या अंगावर सावली असेल त्या अंगाला काम करायचं. सावली सरकेल तसं माणसानं सरकायचं. तापलेल्या फळीवर लावलेला रंग वरून सुकतो, आत ओला राहतो. हात पातळ द्यायचा आणि दोन हातांमध्ये धीर धरायचा. लालबाग-चिंचपोकळीच्या गणपतीच्या कारखान्यांत पाहिलंत तर हाच कायदा दिसेल. मूर्ती वाळल्याशिवाय कुणी डोळ्यांची आखणी करत नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागाचं एक देणं नोंदवायला हवं. आज देशभर ज्यांचे डबे जातात त्यांतल्या दोन मोठ्या कंपन्यांची मुळं याच चार-पाच मैलांत आहेत. १९२० साली लोअर परळमध्ये 'गहागन पेंट्स' नावानं निघालेला कारखाना म्हणजे पुढची नेरोलॅक, आणि १९४२ साली गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये सुरू केलेला उद्योग म्हणजे एशियन पेंट्स. वडिलांनी आणलेला डबा यांपैकी कुणाचा होता की आणखी कुणाचा, ते मी सांगणार नाही. दोष डब्याचा नव्हताच.

आणि काळ्या होडीचा मुंबईतला इतिहास तर त्याहून जुना. फोर्टातल्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे, अजून तरंगते आहे. अंग काळं आणि तोफांच्या ओळीवरून गेलेला पांढरा पट्टा. १९९० पासून २००१ पर्यंत, तब्बल अकरा वर्षं तिची दुरुस्ती चालली होती, आणि एवढं होऊनही तिच्या मूळ सागातला मोठा भाग टिकून आहे. तिथलं ऊन सौम्य आहे हे खरंच. पण सागाला स्वतःचं तेल असतं, आणि ज्याला स्वतःचं तेल आहे त्याला वरून थोडंच लागतं. पाण्याखालच्या भागाला त्या काळी तांब्याचे पत्रे ठोकत. लाकूड पोखरणारा किडा आणि शिंपल्यांचा थर दोन्ही तांब्याला बिचकतात. आजच्या तळाच्या तांबूस रंगात तांबंच असतं. मध्यंतरी कथिलाची संयुगं घातलेले रंग निघाले होते. ते इतके जालीम निघाले की कालवा-शिंपल्यांची पैदासच बिघडू लागली, आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानं जहाजांवर त्यांना बंदी घातली. नाखवाकाकांच्या डांबरालाही आज कुणी आरोग्यदायी म्हणणार नाही. ते लावताना त्यांचे डोळे चुरचुरायचे, हे मी पाहिलेलं आहे.

नाखवाकाका आता नाहीत, वडीलही नाहीत. होडी आहे. म्हणजे तीच आहे का, हा प्रश्न विचारू नये. फळ्या बदलत गेल्या, कणा तेवढा जुना. काकांचा मुलगा ती चालवतो. गेल्या मे महिन्यात त्यानं मला बोलावलं ते सल्ल्यासाठी. मी हसलो. आमच्या घराण्याचा सल्ला घेऊन त्यांच्या होडीचं काय झालं होतं, ते त्याला ठाऊक आहे.

प्रश्न फायबरचा होता. कोळीवाड्यात आता बहुतेक होड्या फायबरच्या. हलक्या, फटी नाहीत, तेलाचा वास नाही. त्याला कुणीतरी सुचवलं होतं, की जुन्या लाकडावरच फायबरचं आवरण चढवून घे, काळंच करून देतो, दहा वर्षं बघायला नको. बघायला नको हे काही खरं नाही. फायबरचा वरचा रंगीत थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो पांढरट पडला की घासून, मेण चोळून पुन्हा चमकवता येतो, पण प्रत्येक घासणीत तो थोडा झिजतो. काळा असेल तर तापून खालच्या विणीचे ठसे वर उमटतात. तरी हा सगळा दिसण्याचा भाग झाला. खरी भीती आतली. लाकूड हलायचं थांबत नाही, आवरण हलत नाही, मध्ये ओल कोंडते आणि बाहेरून झगझगीत दिसणारी होडी आतून कुजते. आमच्या पुऱ्यांचीच गोष्ट, फक्त या वेळी पुरी फुटून सांगणार नाही.

हे मी त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे दुसरी बाजू मांडली, आणि ती खोडून काढणं मला जमलं नाही. लाकडाचं काम जाणणारा सुतार आता बोलावून मिळत नाही. साग परवडत नाही. माशांचा भरवसा नाही. सागरी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर साठ मीटर होतं, ते एकशेवीस मीटर करून घ्यायला कोळीवाड्याला किती झगडावं लागलं, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलंच आहे. तरी भरती-वाऱ्यात क्लीव्हलँड बंदरातून होडी बाहेर काढताना त्याचं लक्ष मासळीपेक्षा खांबांकडे असतं. "माझ्या मुलानं हे करावं असं मलाच वाटत नाही," तो म्हणाला. "मग तेल कुणासाठी पाजू?"

मी काही बोललो नाही. आम्ही होडीभोवती एक फेरी मारली. डाव्या कुशीची एक फळी नवी होती, बाकीच्या काळ्यात ती पिवळी उठून दिसत होती. तिला तीन हात तेल देऊन झालं होतं, तरी ती पीतच होती. मी बोट टेकवलं, ठसा उमटला आणि बघता बघता आत जिरला. तो म्हणाला, अजून चार हात तरी लागतील, मग ही बाकीच्यांत मिसळायला दोन-तीन पावसाळे. फायबरवाल्याला काय सांगितलंस, असं मी विचारलं. "दिवाळीनंतर ये म्हटलं."

मग त्यानं घड्याळ पाहिलं. सावली दुसऱ्या अंगाला सरकत होती. "उद्या दव गेल्यावर या. आणि येताना घरातला एखादा जुना सुती सदरा आणा, फडक्याला. टेरिकॉट नको, ते तेल पीत नाही."

गिरणीचं सुती कापड आमच्या घरात आता एवढंच उरलंय, ट्रंकेत तळाशी घडी घालून ठेवलेला वडिलांचा एक सदरा. तोच घेऊन गेलो.