किल्ली जाते, पण कुलूप उघडत नाही

श्रोतेहो, वारणा खोऱ्यातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग १९९८ साली सुरू झाला. तेव्हापासून आमच्या कोडोलीकडे संगणक काही नवलाचा राहिलेला नाही. तरीही परवा एक गुरुजी हताश होऊन माझ्याकडे आले. वर्गणीच्या पैशांतून जुने सुटे भाग आणून त्यांनी शाळेसाठी संगणक जोडला. पण पडदा काळाच! “सर, प्रोसेसर बसला तर नीट,” ते म्हणाले.

बसला हे खरे. पण बसणे निराळे आणि चालणे निराळे. प्रोसेसर जिथे बसतो ते सॉकेट. इंटेलच्या ‘एलजीए ११५१’ सॉकेटात ११५१ स्पर्शबिंदू असतात. सहाव्या, सातव्या आणि २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीचे प्रोसेसर त्यात बसतात. मात्र आठव्या पिढीत वीज घेणाऱ्या काही बिंदूंची मांडणी बदलली, आणि तिला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. गुरुजींचा बोर्ड होता २०० मालिकेचा!

चिपसेट हा बोर्डावरचा कारभारी. डिस्क, यूएसबी यांची ये-जा तो पाहतो. शिवाय बोर्डातील ‘बायॉस’ या आज्ञावलीला प्रोसेसरची ओळख असावी लागते. एएमडीच्या ‘एएम४’ सॉकेटावर अनेक पिढ्या चालतात, पण जुन्या बोर्डाचा बायॉस आधी अद्ययावत करावा लागतो.

तेव्हा मंडळी, सोयरिकीआधी चौकशी करतो तशी इथेही करावी. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. तीत पूर्ण क्रमांक पाहावा, मगच पैसे मोजावेत. गुरुजींनी सातव्या पिढीचा जुना प्रोसेसर मिळवला, आणि पडदा उजळला.