*मागच्या हौसिंगचा आवाज: खोलण्याआधी ऐका*



भरलेली पिकअप चढाला दमते म्हणून बरेच जण मागचा क्राऊन-पिनियन बदलून घेतात. समजा, ४१/१० दातांचा (रेशो ४.१०) काढून ४३/९ चा (४.७८) बसवला. ओढ वाढते, टॉप स्पीड घटतो. पण काम झाल्यावर मागून "हूंऽऽ" सुरू झालं तर? "नवीन दात आहेत, चालवा, बसतील," असं सांगितलं जातं. त्या भरवशावर माल भरू नका. नीट सेट केलेला जोड पहिल्या दिवसापासून जवळपास शांत असतो. चुकीचा बसलेला जोड चालवून सुधारत नाही, दात खातो. भर हंगामात रस्त्यात हौसिंग जाम झालं तर गाडीही उभी आणि मालही.

*आधी हे तपासा*
डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला तर टायर बघा. उभ्या गाडीत न्यूट्रलला रेस करून तोच आवाज आला तर तो हौसिंगचा नाही. ऑइलची लेव्हलही बघून घ्या.

*आवाज नेमका कधी येतो?* (रिकामी गाडी, मोकळा रस्ता)

१) रेस दिल्यावर हूं, सोडल्यावर बंद: पिनियन आत-बाहेर बसलाय किंवा दातांचा गॅप चुकलाय.
२) रेस सोडल्यावरच आवाज: पिनियनचं बेअरिंग किंवा नट ढिला असू शकतो.
३) रेस दिली-सोडली तरी सतत घरघर: बेअरिंग.
४) फक्त वळणावर खटखट किंवा घरघर: स्टार-सन गिअर किंवा चाकाचं बेअरिंग.
५) क्लच सोडताना एकच "ठक": गॅप जास्त, नाहीतर शाफ्टचा क्रॉस गेलाय.
६) ठराविक स्पीडला थरथर: प्रोपेलर शाफ्ट. वरच्या उदाहरणात शाफ्ट त्याच स्पीडला साधारण सहावा हिस्सा जास्त फिरतो. म्हणून पूर्वी ६० ला येणारी थरथर आता ५०-५२ लाच येईल. तो दोष नव्या दातांचा नाही.

मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. स्पीड, आणि रेस चालू होती की सोडलेली, तेही बोला. मिस्त्रीचं अर्धं काम तिथेच होतं.

*गॅरेजमध्ये हे मागा*
✅ क्राऊन आणि पिनियन एकाच जोडीचे हवेत. जोडीचा नंबर दोन्हींवर असेल तर जुळवून बघा. एक नवा, एक जुना चालत नाही.
✅ गॅप डायल गेजने मोजा, हाताच्या अंदाजाने नको. माप गाडीच्या मॅन्युअलमधलं.
✅ दातांना रंग लावून ठसा दाखवा. ठसा दाताच्या मधोमध हवा. मुळाशी किंवा टोकाला असेल तर पिनियनचा शिम बदलावा लागेल. हौसिंग बंद करण्याआधी ठशाचा फोटो काढून ठेवा.
✅ ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं.

*नवीन जोडाची काळजी*
पहिल्या २०-२५ किमीनंतर अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. पहिले ८०० किमी पूर्ण लोड नको. त्यानंतर ऑइल बदला. काढलेल्या ऑइलमध्ये बारीक करडी पेस्ट चालते. चकत्या किंवा तुकडे दिसले तर गाडी उभी करा.

गाडी ड्रायव्हरकडे असेल तर हा मेसेज त्यालाही पाठवा. 🚚