जमीनदारीचे दप्तर आणि आपला निस्तार

जुनी कागदपत्रे म्हटली की आपल्याला पुण्याचे पेशवे दप्तर आठवते, नाहीतर गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळणारे इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. आपल्या धानोरा भागाचा त्या लढायांशी व तहांशी फारसा संबंध आला नाही. परंतु आपल्याकडेही एक दप्तर होते. ते जमीनदारीचे.

इंग्रजी अमलात चांदा जिल्ह्याचा पूर्वेकडील बराचसा मुलूख जमीनदारांकडे होता. अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी. धानोरा, रांगी, मुरूमगाव या लहान. मेजर ल्युसी स्मिथ यांचा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा आहे. जमाबंदीबरोबर गावोगावचे रिवाज ज्यात नोंदले जात, त्या कागदाला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. जळण, घराचे लाकूड, बांबू, गवत, गुरांची चराई यांवर गावाचा जो हक्क, तो निस्तार. १९५१ साली जमीनदारी गेली, जंगल सरकारकडे आले आणि निस्ताराचा हक्क पुढे 'सवलत' म्हणून ओळखला जाऊ लागला. हक्क आणि सवलत यांत काय अंतर आहे, हे मोळी आणणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही!

येथे कागदाचे महत्त्व सुरू होते. २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्ताराचे नाव घेऊन हक्क सांगितला आहे, आणि तो जमीनदारीच्या काळातला असला तरी चालेल असेही म्हटले आहे. नियमांत पुराव्यांची यादी आहे. तीत गॅझेटियर, जमाबंदी अहवाल, नकाशे व जुन्या जमीनदारीतील हक्कनोंदी येतात. आपल्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बिगर-आदिवासी कुटुंबांची अडचण मोठी आहे. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. १९३० सालचा कागद गरिबाने कोठून आणावा? आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेले नाही, तरी लोखंडी पेटीत शेतसाऱ्याच्या पावत्या आहेत. पण त्याही इतक्या जुन्या नाहीत.

वेल्स या छोट्या देशात ॲबरिस्टविथ येथे १९०७ साली राष्ट्रीय ग्रंथालय स्थापन झाले. तेथे जमीनदार घराण्यांची खंडवसुलीची पुस्तके, कुळांचे करार आणि चर्चची दप्तरेही एकत्र जपली आहेत. आपल्याकडे पुराभिलेखागाराची शाखा नागपूरला आहे, पण धानोऱ्याच्या शेतकऱ्याला नागपूर दूर, आणि नोंद मोडीत असली तर वाचणार कोण?

शिवाय हे दप्तर वसुलीसाठी लिहिलेले. त्यात आपली माणसे देणेकरी म्हणून येतात, स्त्रिया क्वचितच. गोंड घराण्यांच्या वंशावळी परधान तोंडपाठ गात. त्या कोणत्याच दप्तरात गेल्या नाहीत. मला नियमांतील एक तरतूद म्हणूनच फार मोलाची वाटते. दावा करणारा सोडून गावातील इतर वृद्धाने सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकत हासुद्धा पुरावा धरला जातो. वंशावळ आणि देवस्थाने, दफनभूमी, जुन्या विहिरी यांसारख्या खुणाही चालतात. हे लिहून घेण्यास मोडी यावी लागत नाही. वही, पेन आणि गोंडी समजणारा एक सोबती पुरे. जमीनदारीचा काळ समजत्या वयात पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत.