समुद्र आपल्या बांधापाशी सुरू होतो



या वेळी आपल्या पानावर समुद्राविषयी लिहिणार आहोत असे कळताच खानापूर तालुक्यातील एका वयस्क काकांनी आम्हांला हसत विचारले, "अहो, समुद्र खारव्यांचा आणि रापणकारांचा. आमचे भात घाटावर. आम्हांला त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मनात तोच असेल. त्याचे उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

आधी पावसाकडे पाहू. जूनमध्ये आपण ज्या ढगांची वाट पाहतो, ते अरबी समुद्रावरून आलेले असतात. समुद्र पाठवील तेव्हा आपली लावणी. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापला आहे. आपण श्वासाबरोबर जो प्राणवायू घेतो, तो निर्माण करण्याचे जवळजवळ निम्मे काम समुद्रातील सूक्ष्म वनस्पती करतात. कारखाने आणि वाहने यांच्या धुरामुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते, तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. पण त्यालाही मर्यादा आहे. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि तेथील वादळांचा जोर वाढला आहे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाने गोव्यात घरांची छपरे उडवली, झाडे आणि विजेचे खांब पाडले, ते आपल्यातील अनेकांनी पाहिलेच आहे.

शेताचे पाणी जाते कुठे?

खानापूर तालुक्याचेच उदाहरण घ्या. भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते, पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर आंध्रात बंगालच्या उपसागरात जाते. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना पोहोचतो! हैदराबादची मुसी कृष्णेलाच मिळते. बडोद्याची विश्वामित्री खंभातच्या आखाताकडे जाते. इंदूरची कान्ह नदी क्षिप्रा, चंबळ, यमुना आणि गंगा असा लांबचा प्रवास करून शेवटी समुद्रच गाठते. म्हणजे आपण कुठेही राहत असलो, तरी आपल्या बांधावरून वाहिलेले पाणी समुद्राच्याच वाटेवर असते. त्या पाण्याबरोबर आपण काय पाठवतो, हा खरा प्रश्न आहे.

पोत्यातले खत आणि मेलेले पाणी

युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. उभ्या पाण्यात फोकून दिलेल्या युरियातील नत्रापैकी भाताच्या वाट्याला बहुधा तिसरा हिस्सा येतो, म्हणजे सात-आठ किलो. उरलेल्यातील काही वायू होऊन उडते, काही जमिनीत मुरते आणि काही पाण्याबरोबर ओहोळात जाते. पैसे पोत्याचे दिले, पीक मात्र तिसऱ्या हिश्शावर वाढले.

वाहून गेलेले नत्र नदीमुखाशी पोहोचले की तेथे शेवाळाला भर येतो. गावच्या तळ्यात शेण-खताचे पाणी शिरले की ते कसे हिरवेगार होते आणि पुढे कशी दुर्गंधी सुटते, हे आपण पाहिलेले आहे. समुद्रातही तसेच घडते. शेवाळ मरते, तळाशी बसते, कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवून टाकते. पोहता येणारे मासे पळून जातात. खेकडे, शिंपल्या आणि तळाचे इतर जीव गुदमरून मरतात.

हे केवळ भय दाखवण्यासाठी सांगत नाही. अमेरिकेतील मिसिसिपी नदी मोठ्या शेतीप्रदेशातून वाहत येऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते. तिच्या मुखाशी दर उन्हाळ्यात असे प्राणवायूहीन पाण्याचे क्षेत्र तयार होते. २०१७ साली ते सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरले, म्हणजे गोवा राज्याच्या सहापट. तेथील कोळ्यांच्या जाळ्यात जे येत नाही, त्याचे एक कारण शेकडो मैल आत असलेल्या मक्याच्या शेतात आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्याशी पावसाळ्यात कमी प्राणवायूचे खोल पाणी निसर्गतःच वर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात या पाण्याविषयी लिहिले आणि जमिनीवरून येणाऱ्या खताच्या नत्रामुळे हे संकट वाढण्याची शक्यता दाखवून दिली. अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड वायूही निघतो. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तो हवा अडीचशे पटींहून अधिक तापवतो.

आणि हेच नत्र आपल्या विहिरीतही उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी आपल्याकडील मर्यादा आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि अंग निळसर पडू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. तेव्हा समुद्राचा विचार न सुचला, तरी घरच्या पाळण्याचा विचार तरी करावा.

वडीलधाऱ्यांचे शहाणपण

समुद्राशी जुळवून घेऊन शेती कशी करावी, हे गोव्यातील खाजन शेतीने शतकानुशतके दाखवले आहे. मांडवी-जुवारीच्या काठच्या खारट सखल जमिनी बांध घालून लागवडीखाली आणल्या. भरती-ओहोटीबरोबर पाणी आत-बाहेर सोडायला मानस बसवली. पावसाळ्यात खारे पाणी सोसणारे कोरगुट भात, मानशीपाशी मासळी आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ, असे हे सगळे एकाच जागेत होई. बांधाबाहेरचे कांदळ लाटांचा मार अंगावर घेई आणि मासळीच्या पिल्लांना आसरा देई. आज अनेक ठिकाणी बांध फुटले आहेत, मानशी मोडल्या आहेत, कांदळावर मातीचे भराव पडले आहेत. एक बांध फुटला की शेत जाते आणि मासळीही जाते.

मासळीला विश्रांती देण्याचा रिवाजही जुनाच आहे. पावसाळा हा अनेक माशांचा अंडी घालण्याचा काळ. २९ जूनला संत पेत्र आणि संत पावल यांच्या सणाला गोव्यातील खारवी होड्या बांधून सांगोड करतात, तेव्हा होड्या समुद्रातून परतलेल्या असतात. आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. सत्तरच्या दशकात ट्रॉलरांनी किनारा खरवडायला सुरुवात केली, तेव्हा रापणकारांनी मोठा लढा दिला. त्यातूनच १९८० साली गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. म्हणजे सामान्य माणसांनी मिळून नेट धरला, तर फरक पडतो.

आपण काय करावे?

१. माती तपासून घ्या आणि तिला लागेल तेवढेच खत द्या. युरिया एकदम न टाकता लावणी, फुटवे आणि पोटरी अशा वेळी विभागून द्या.

२. युरिया देण्यापूर्वी शेतातले जादा पाणी काढा. खत दिल्यावर दोन-चार दिवस बांधाची तोंडे बंद ठेवा. आकाश भरून आले असेल तर खताचे काम पुढे ढकला.

३. जमेल तेथे युरिया-डीएपीच्या गोळ्या वापरा. ओळीत लावणी करून दर चार चुडांच्या मध्ये एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. खत मुळांशी राहते, वाहून जात नाही आणि कमी लागते.

४. ताग, धैंचा, गिरिपुष्पाचा पाला आणि शेणखत यांना परत मान द्या. बांधावर गवत राखा. ते माती आणि खत दोन्ही अडवते.

५. फवारणीचा पंप ओहोळात धुऊ नका. औषधाची रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवाऱ्यातच घाला. ती बाटली घरात कशालाही वापरू नका.

६. खताची पोती, रोपांच्या पिशव्या, मल्चिंगचा कागद आणि ठिबकच्या जुन्या नळ्या नाल्यात टाकू नका, जाळूही नका. गोळा करून भंगारवाल्याला द्या. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ती गिळून कासव मरते.

७. बाजारात बोटभर पापलेट किंवा सुरमई दिसली तर घेऊ नका. तिने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीचा किमान आकार ठरवून दिला आहे. गिऱ्हाईकच नसेल, तर अशी मासळी कोण धरील?

८. खाजनाचा बांध किंवा गावचा ओहोळ दुरुस्त करण्याचे काम निघाले, तर एक दिवसाचे श्रम द्या.

त्या काकांना आम्ही एवढेच विचारले, "तुमच्या शेताच्या खालच्या अंगाला काय आहे?" ते म्हणाले, "ओहोळ." "आणि त्याच्या पुढे?" "म्हादई." मग ते स्वतःच थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझा युरिया पणजीला जातो म्हणा की!" होय काका, तुमचा जातो आणि आमचाही जातो. येत्या पावसाळ्यापूर्वी आपण सर्वांनी आपापल्या शेताच्या खालच्या बांधावर एकदा उभे राहावे आणि पाणी कुठून बाहेर पडते ते पाहावे. समुद्र राखण्याचे काम तेथूनच सुरू करता येईल.