एका शिखराची उलटतपासणी

पॅरासिटॅमॉलच्या पाकिटावर ५०० मिलिग्रॅम छापलेले असते. प्रयोगशाळेत या आकड्याची खात्री करतात ती एचपीएलसी यंत्रावर, पण यंत्राला मिलिग्रॅम कळत नाहीत. वीस गोळ्यांची पूड तोलून विरघळवायची, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळायची आणि त्यातले २० मायक्रोलिटर आत सोडायचे. सी-१८ कॉलममधून वाहताना घटक वेगळे होतात, एकेक करून डिटेक्टरपुढे येतात आणि पडद्यावर शिखर उमटते. प्रयोगशाळेच्या भाषेत ‘पीक’. त्याचे क्षेत्रफळ प्रमाणित नमुन्याशी ताडले की मिलिग्रॅम निघतात. हा आकडा म्हणजे साक्षीदाराची जबानी आहे. तिची उलटतपासणी म्हणजे व्हॅलिडेशन, आणि ती कसून झाली नसेल तर आकड्यावर विसंबता येणार नाही.

पहिला प्रश्न ओळखीचा. पॅरासिटॅमॉल पाण्याच्या संपर्कात बिघडले की ४-अमिनोफिनॉल तयार होते. तेही अतिनील प्रकाश शोषते. म्हणून दोन्ही पीक एकत्र आले तर बिघडलेला माल चांगल्याच्या खात्यावर जमा होतो. कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात, म्हणजे मोबाइल फेजमध्ये, मिथेनॉल जास्त झाले तर पॅरासिटॅमॉल घाईने बाहेर पडून ४-अमिनोफिनॉलच्या पीकला चिकटते. फार कमी झाले तर पीक पसरते आणि वेळ जातो. यातला मध्य शोधणे हेच पद्धत विकसित करणे. मग औषध आम्ल, अल्कली, पेरॉक्साइड, उष्णता आणि प्रकाशाने मुद्दाम बिघडवायचे आणि मुख्य पीक तरीही निर्भेळ राहते का ते पाहायचे. दुसरा प्रश्न खरेपणाचा. औषध पुडीतून पुरते सुटलेच नाही, तर सहा नमुने सहाही वेळा ९६ टक्केच दाखवतील: एकवाक्यता उत्तम, उत्तर चूक. म्हणून औषधविरहित मिश्रणात ८०, १०० आणि १२० टक्के औषध घालून ते परत किती मिळते हे मोजतात. पण वरून घातलेले औषध सहज विरघळते, म्हणून खऱ्या गोळीच्या पुडीचे सोनिकेशन (ध्वनिलहरींनी हलवणे) वाढवत नेऊन आकडा कुठे स्थिरावतो तेही बघावे लागते.

यावर कोणी म्हणेल, फार्माकोपियात, म्हणजे अधिकृत औषधसंहितेत, पद्धत तयार असताना हा खटाटोप कशाला? त्या पद्धतीचे पूर्ण व्हॅलिडेशन पुन्हा करावे लागत नाही, हे खरेच. पण आपल्या गोळीतली पूरक द्रव्ये आणि आपला कॉलम तिथे तपासलेले नसतात, तेव्हा पडताळणी टळत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सारे कागदी सोपस्कार होऊन बसते. बसतेही, औषधाचे प्रमाण आणि पीकचे क्षेत्रफळ यांच्या आलेखाचा सहसंबंध गुणांक ०.९९९ आला की फाइल मिटते, आणि एकमेकांत मिसळलेली दोन पीकही तितकीच सरळ रेषा देऊ शकतात. पण त्यावर उपाय कमी तपासणीचा नव्हे, समजून केलेल्या तपासणीचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीएच या औषधविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने क्यू२(आर२) या व्हॅलिडेशनच्या मार्गदर्शिकेबरोबर पद्धतविकासासाठी क्यू१४ आणली, ती याच दिशेने. सदोष पद्धत पुढच्या प्रत्येक बॅचला तोच चुकीचा न्याय देत राहते. रुग्णाजवळ गोळी मोजायचे साधन नसते. म्हणून तो आकडा खोटा पाडण्याचा प्रयत्न, गोळी त्याच्या हाती पडण्याआधी, कुणीतरी मनापासून केलेला असला पाहिजे.