डोंगर कुठं पळून जातोय?

पळणाऱ्या माणसाला थंडी कशी काय बाधेल, असं मला बरीच वर्षं वाटत असे. पळताना अंगातून घामाच्या धारा लागतात. थंडी बाधते ती बसून राहणाऱ्याला, असा माझा समज होता. जुलै २०२२ मध्ये सह्याद्रीतल्या एका पठारावर तो समज उतरला. ती हकिगत आणि त्यामागचं शास्त्र आज थोडक्यात सांगतो.

शर्यत बेचाळीस किलोमीटरची होती. सारी वाट डोंगरातली, घाटाखालच्या गावातून पठारावर चढायचं आणि पलीकडच्या अंगानं उतरायचं. सकाळी पाऊस होता, पण उत्साह त्याहून मोठा. वाऱ्यापावसापासून बचाव करणारं पातळ जॅकेट मी मुद्दाम गाडीत ठेवलं. शंभर-दोनशे ग्रॅमचं ओझं कशाला वाहायचं, हा हिशेब. खाली तो बरोबरही वाटला. चढावर अंग तापलं होतं, पाऊस उलट सुखाचा वाटत होता.

पठारावर पाऊल ठेवलं आणि वारा अंगावर आला. पाऊस आडवा लागत होता. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसेना. चिखलात पळणं जमेना म्हणून मी चालू लागलो. तासाभरानं चिक्की खावी म्हणून पुडी काढली, तर बोटांना ती फाडताच येईना. मागून आलेली एक तरुण धावपटू थांबली. ती डॉक्टर होती, हे नंतर कळलं. "काका, तुमचं बोलणं जड झालंय. आता पुढे जाऊ नका," ती म्हणाली. मला तिचा राग आला. चांगला धडधाकट माणूस मी, आणि ही कालची मुलगी मला थांबवणार?

तो राग माझा नव्हता, तो आजाराचा होता. हे नीट समजण्यासाठी थोडं शास्त्र पाहू.

स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता तयार करतो. पळताना हीच उष्णता दहापट होऊ शकते. म्हणून पळणारा माणूस भर पावसातही उबदार राहतो. पण ही शेकोटी पायांच्या जोरावर पेटलेली असते. दमून वेग उतरला, पोटातलं अन्न संपलं, की ती मंदावते. बाहेरचा वारा मात्र मंदावत नाही. त्यात कपडे ओले. पाणी उष्णता वाहून नेतं ते हवेच्या सुमारे २५ पट वेगानं. शिवाय उंची वाढते तशी हवा गार होत जाते. हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. म्हणजे बर्फ नसतानाही, सतराअठरा अंशांतही, भिजलेला आणि दमलेला माणूस गारठू शकतो.

इंग्लंडमध्ये मार्च १९६४ मध्ये डर्बीशरच्या डोंगराळ भागात 'फोर इन्स' नावाच्या लांब पल्ल्याच्या चालण्याच्या स्पर्धेत वाऱ्यापावसानं तीन तरुणांचा बळी घेतला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून गेलेल्या ग्रिफिथ प्यू यांनी या दुर्घटनेचा अभ्यास केला. ओल्या कपड्यांतून वारा गेला की त्यांची ऊब फार थोडी उरते, हे त्यांनी दाखवलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दमून वेग टिकवता येईनासा झाला की तिथूनच खरी घसरण सुरू होते, हेही दाखवलं.

अलीकडचं उदाहरण चीनमधलं. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतात, पीत नदीकाठच्या 'स्टोन फॉरेस्ट' भागात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ जण सकाळी नऊला निघाले. बरेचसे अर्ध्या चड्डीत आणि पातळ बनियनात. दुपारी, विसाव्या किलोमीटरनंतरच्या उभ्या चढावर, गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा एकदम कोसळला. त्या टप्प्यात आठेक किलोमीटरमध्ये सुमारे हजार मीटर चढायचं होतं. गाडी पोचेल असा रस्ता नव्हता आणि वरच्या थांब्यावर गरम पाणीदेखील नव्हतं. वारारोधक जॅकेट जवळ असणं सक्तीचं नव्हतं. अनेकांचे गरम कपडे पुढच्या थांब्यावर पाठवलेल्या पिशव्यांत होते. २१ धावपटू गेले. त्यांत लियांग जिंग हा चीनचा अतिशय नामांकित धावपटू होता. वेगानं पळणारे पुढे होते आणि वादळानं नेमकं त्यांनाच उंचावर गाठलं. एका मेंढपाळानं सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन, शेकोटीपाशी बसवून वाचवलं.

ही बातमी मी वाचली होती, हळहळलोही होतो. तरी वर्षभरानं जॅकेट गाडीत ठेवलंच. माणूस असा असतो.

आता त्या रागाकडे वळू. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला 'हायपोथर्मिया' म्हणतात. कुडकुडणं हा पहिला इशारा. मग बोटं ऐकत नाहीत, पाय अडखळतात, जीभ जड होते, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. ३२ अंशांच्या आसपास कुडकुडणं थांबतं. ते बरं वाटल्याचं लक्षण नव्हे, तर शरीरानं हात टेकल्याचं आहे. आणि यात सर्वांत घातक गोष्ट अशी, की निर्णय घेणारा मेंदूच गारठलेला असतो. ज्याला गारठा झालाय, त्याला तो सर्वांत शेवटी कळतो.

त्या मुलीनं माझं न ऐकता मला हाताला धरून जवळच्या धनगरवाड्यावर नेलं. दारात एक म्हातारी उभी होती. "आरं लेकरा, आत ये की. वल्ल्या अंगानं वाऱ्यात हुबा कशापायी राहतूयास?"

"आज्जी, अजून चौदा किलोमीटर जायचंय," मी कसंबसं म्हणालो.

"डोंगूर कुठं पळून जातूय व्हय?" ती म्हणाली.

ओले कपडे उतरवून, अंग टिपून मला घोंगडीत गुंडाळलं. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते आणि सुती कपडा भिजला की ऊब सोडतो. आपल्या धनगरांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. गिळता येतंय याची खात्री करून डॉक्टरबाईंनी मला गरम, गोड चहा घोटाघोटानं पाजला. हातपाय चोळू दिले नाहीत आणि चुलीच्या अगदी जवळही बसू दिलं नाही. ऊब छाती-पोटाला आधी हवी, हातापायांना नंतर. दारू तर अजिबात देऊ नये. तिनं कातडीला ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. माणूस गुंगीत असेल, कुडकुडणं थांबलं असेल, तर त्याला चालवू नये. आडवा ठेवावा, जपून हलवावा आणि तातडीनं रुग्णालयात न्यावा.

मी अजूनही पळतो, पावसाळ्यातही. पण काही गोष्टी आता घरूनच ठरवून निघतो. जॅकेट, कोरडा गंजीफ्रॉक आणि कानटोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठीवर. वर चढण्याआधी, अंग गरम असतानाच जॅकेट अंगात. खाणं भूक लागण्याआधी. बोटांनी पुडी उघडेना, की तिथून माघार. आणि सोबत्यानं "थांब" म्हटलं, की वाद न घालता थांबायचं. हे नियम घरी, डोकं गरम असताना करायचे. पठारावर ते सुचत नाहीत.

त्या शर्यतीचं पदक माझ्याकडे नाही. दिवाळीत मात्र त्या आज्जीला भेटायला गेलो. डोंगर तिथंच होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)