विरार फास्टमधलं गणित
१५ डब्यांच्या ८ विरार लोकलचे एकूण डबे किती? १५ चे १२ आणि ३ करा: ९६ अधिक २४, म्हणजे १२०. हा वितरण गुणधर्म. तोंडी हिशेबाचा खरा आधार तोच.

बेरीज-गुणाकारात क्रम बदलला तरी चालतो. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा ४ नगरपरिषदांत ५३ ग्रामपंचायती मिळवा किंवा उलट करा, उत्तर ५७च.

वजाबाकीला ही सवलत नाही. वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ मध्ये, चिमाजी अप्पांनी घेतली १७३९ मध्ये: २०५ वर्षं. आकडे उलटे मांडले तर उणे २०५. भागाकाराचंही तसंच, शिवाय शून्याने भागायची मुळातच बंदी.